पचमढी : सातपुड्यावरील उन्हाळी राजधानी

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत इतिहासावर एखादा लेख असावा असे ठरले, की आपल्या मनात प्रथम रायगड येतो, पन्हाळा येतो, पुण्याचा शनिवारवाडा येतो. हे स्वाभाविकच आहे. परंतु दुर्ग-भिलाईच्या परिसरात ज्यांच्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्या नांदल्या, त्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांचा इतिहास केवळ सह्याद्रीच्या कुशीत घडलेला नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर होता. बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून येथील कारभार पाहिला. पुढे इंग्रजी अमदानीत मध्यप्रांत निर्माण झाला, तेव्हाही दुर्ग आणि नागपूर एकाच सरकारच्या छत्राखाली होते. आणि ते सरकार दर उन्हाळ्यात आपले बिऱ्हाड उचलून सातपुड्याच्या माथ्यावर नेऊन मांडीत असे. त्या गावाचे नाव पचमढी.

आपल्यापैकी अनेकजण मुलाबाळांसह तेथे चार दिवस हवापालटास जातात, धूपगडावरून सूर्यास्त पाहतात आणि परत येतात. तेथे मिळणाऱ्या माहितीपुस्तिकांत एक वाक्य हमखास आढळते : कॅप्टन फोरसिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पचमढीचा शोध लावला. या वाक्याची थोडी तपासणी करावी आणि त्या गावाच्या दिवसांचा व रात्रींचा इतिहास मराठी माणसाच्या अंगाने मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बर्फावाचून गिरिविहार

डोंगरावर जाऊन मौज करणे ही कल्पना जगात सर्वत्र सारख्या रूपाने आढळत नाही. युरोपात तिला बर्फाची साथ मिळाली. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ हे गाव मुळात उन्हाळ्यात औषधी झऱ्यांसाठी प्रसिद्ध. तेथील हॉटेलमालक योहान्नेस बाद्रुट याने १८६४ साली आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, की हिवाळ्यात येऊन पाहा, न आवडल्यास प्रवासखर्च माझा, अशी हकीकत सांगितली जाते. पाहुणे आले आणि हिवाळी सहलींचे युग सुरू झाले. पुढे त्याच गावी १९२८ व १९४८ अशी दोन वेळा हिवाळी ऑलिंपिक सामने भरले. पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा स्कीइंगचा खेळ मूळचा उत्तर युरोपातील लोकांच्या दैनंदिन गरजेतून आलेला. त्याला आल्प्समध्ये शर्यतीचे रूप देण्यात इंग्रजांचा वाटा मोठा होता. स्लालम या वळणावळणाच्या शर्यतीचे आधुनिक नियम बसवून १९२२ साली म्युरेन येथे ती भरविणारे आर्नल्ड लन यांचा जन्म १८८८ साली आपल्या मद्रासेत झाला होता, हे वाचून पुष्कळांस नवल वाटेल.

या हिमग्रामांचे एक ठरीव वेळापत्रक असे. दिवसभर खेळ, सायंकाळी पोशाख बदलून भोजन, आणि रात्री वाद्यवृंद, नृत्य, पत्ते व गप्पा. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजाने हेच वेळापत्रक येथील डोंगरांवर आणले. जेथे बर्फ मिळाला तेथे त्याने खेळही तोच ठेवला. काश्मीरमधील गुलमर्ग येथे १९२७ साली इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब स्थापन केला. पण विंध्य-सातपुड्यात बर्फ कोठून आणावयाचा? पचमढीचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० फूट उंच, आणि सातपुड्यातील सर्वोच्च शिखर धूपगड तेही सुमारे १,३५० मीटर. पौष-माघातील कडाक्याच्या रात्री गवतावर दव गोठून पांढरी चादर पसरते, त्यापलीकडे हिमाचे दर्शन नाही. म्हणून येथे स्कीच्या फळीची जागा घोड्याने, बंदुकीने व गोल्फच्या काठीने घेतली. दिवसाचा खेळ बदलला; रात्रीचा थाट मात्र तोच राहिला.

महाबळेश्वरास सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास, माथेरानास ह्यू मॅलेट यांनी १८५० साली जे केले, तेच मध्यप्रांताच्या सरकारने पचमढीस केले. परंतु या गावाची पाटी तेव्हा कोरी नव्हती.

‘शोधा’पूर्वीचे पचमढी

गावाचे नाव पाच मढ्यांवरून, म्हणजे वालुकाश्मात कोरलेल्या पाच लेण्यांवरून पडले. लोक त्यांस पांडवांची लेणी म्हणतात. भोवतालच्या कपारींत त्याहून कितीतरी जुनी शैलचित्रे आहेत. १९३० च्या दशकात मेजर हंटर यांनी डोरोथी डीप या शैलाश्रयात उत्खनन केले आणि गॉर्डन यांनी महादेव डोंगरातील चित्रांचा पद्धतशीर अभ्यास केला. शिकारी, गुरे, धनुर्धर, वाद्ये वाजविणारी माणसे ही सारी त्या भिंतींवर आहेत. डोंगरावर वस्ती कोरकू व गोंड लोकांची. कोरकूंची भाषा मुंडा कुळातील, शेजारच्या गोंडीहून अगदी निराळी. आपल्या मेळघाटातील कोरकू याच समाजाचे.

या डोंगररांगेस महादेवाचे डोंगर म्हणतात. जटाशंकर, मोठा महादेव, गुप्त महादेव आणि चौरागड ही तेथील शिवस्थाने. भस्मासुरास वर देऊन बसलेले शंकर त्याच्या भयाने याच गुहांतून लपत फिरले आणि अखेर मोहिनीने नृत्य करीत असुराचा हात त्याच्याच मस्तकी ठेवविला, अशी स्थानिक कथा आहे. इंग्रजांच्या नाचघराच्या पुष्कळ आधी या डोंगराशी नृत्याचे नाते असे जोडले गेलेले आहे.

मराठ्यांच्या राजकीय इतिहासातही हा डोंगर येतो, आणि तो आश्रयस्थान म्हणून येतो. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, नागपूरकर अप्पासाहेब भोसले यांचा पराभव झाला आणि १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी त्यांस कैद केले. अलाहाबादेकडे नेत असता, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, जबलपूरच्या वाटेवरील रायचूर गावच्या मुक्कामातून ते रात्री शिपायाच्या वेषात निसटले. निसटून गेले ते महादेवाच्या डोंगरात. तेथे गोंड सरदार चैनशहा याने त्यांस आसरा दिला. पेंढाऱ्यांचा पुढारी चितूही त्यांस येऊन मिळाला. कंपनीच्या पलटणी पायथ्याशी घिरट्या घालीत होत्या आणि पदच्युत राजा पावसाळा व हिवाळा डोंगरावर काढीत होता. १८१९ च्या फेब्रुवारीत ते तेथून अशीरगडाकडे गेले, पुढे पंजाबात फिरले, आणि १८४० साली जोधपूर येथे परमुलखातच त्यांचा अंत झाला.

चाळीस वर्षांनी पुन्हा तसाच प्रसंग आला. १८५८ च्या ऑक्टोबरात तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले आणि या डोंगरांतून मुलताईकडे गेले. हर्राकोटचा कोरकू जहागीरदार भभूतसिंह याने त्यांस साहाय्य केले, इतकेच नव्हे तर तात्या पुढे निघून गेल्यावरही इंग्रजांशी झुंज चालू ठेवली. अखेर तो पकडला गेला व १८६० साली जबलपुरात त्यास देहान्त शासन झाले.

आता फोरसिथकडे वळू. पुष्कळ पुस्तिकांत त्याच्या आगमनाचे साल १८५७ दिलेले असते. वस्तुतः त्याच्या या डोंगरावरील मोहिमेचा काळ १८६२ च्या सुमाराचा, म्हणजे मध्यप्रांताच्या स्थापनेनंतरचा आहे. नागपूर संस्थान व सागर-नर्मदा प्रदेश जोडून १८६१ साली हा प्रांत झाला; त्याचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांस जंगलांची व डोंगरांची पाहणी हवी होती, आणि ते काम फोरसिथकडे आले. म्हणजे भभूतसिंहास देहान्त दिल्यानंतर दोनच वर्षांनी हा ‘शोध’ लागला. ज्या डोंगराने बंडवाल्यांस थारा दिला त्या डोंगरावर सरकारने आपला तळ ठोकला, हे त्या घटनेचे अधिक खरे वर्णन होईल. फोरसिथच्या गुणांस आम्ही उणेपणा आणू इच्छीत नाही. तो उत्तम निरीक्षक होता. १८७१ साली प्रसिद्ध झालेला त्याचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील ग्रंथ आजही वाचनीय आहे. परंतु शोध हा शब्द ज्या जागी कोणी राहत नाही तिलाच शोभतो.

हंगामाचे गाव

फोरसिथने पठारावर बांधविलेला बंगला ‘बायसन लॉज’ या नावाने ओळखला जातो. बायसन म्हणजे गवा. तेव्हाच्या पचमढीचे शिकारीशी असलेले नाते त्या एका नावातच आले. मागोमाग गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यस्थान झाले, छावणी झाली, १८७५ साली रंगीत काचांच्या खिडक्यांचे प्रॉटेस्टंट चर्च व १८९२ साली कॅथलिक चर्च झाले. चीफ कमिशनरांसाठी १८८७ साली जी वास्तू उभी राहिली, तीच पुढे गव्हर्नरांचे निवासस्थान व आजचे राजभवन. बंगल्यांभोवती बागा, बागांभोवती रुंद सावलीचे रस्ते, आणि बाजारपेठ मात्र जरा दूर खोलगट जागी, अशी त्या काळच्या बहुतेक गिरिस्थानांची आखणी येथेही दिसते. १९०१ च्या शिरगणतीत गावाची वस्ती ३,००० च्या आसपास होती. उन्हाळ्यात ती दुपटीच्या घरात जाई.

हंगाम चैत्रात सुरू होई व मृगाच्या पावसाबरोबर संपे. पावसाळ्यात सुमारे ८० इंच पाऊस पडणाऱ्या या पठारावर साहेबमंडळी थांबत नसत. त्या दोन-अडीच महिन्यांत दिवस भल्या पहाटे घोड्यावरील रपेटीने उजाडे. पोलो, गोल्फ, टेनिस, शिकार आणि ओढ्यांच्या डोहांत पोहणे हे दिवसाचे उद्योग. डोहांस व धबधब्यांस साहेबांनी आपापली नावे दिली. त्यांतील एक नाव मात्र निराळ्या कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. आज रम्यकुंड म्हणून ओळखला जाणारा डोह दीर्घकाळ आयरीन पूल म्हणविला जाई. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले व्हिव्हियन बोस यांच्या पत्नी आयरीन यांचे ते नाव. बंगाली घराण्यातील न्यायाधीश, अमेरिकन पत्नी, मराठी राजधानी आणि कोरकूंचा डोंगर, असे त्या वेळच्या पचमढीचे मिश्रण होते.

रात्री क्लबात दिवे लागत. विजेपूर्वी हे दिवे म्हणजे झुंबरे व रॉकेलचे मोठे कंदील. पत्ते, बिलियर्ड, भोजन, लष्करी बँड आणि जोडीनृत्य हा क्लबाचा क्रम. गव्हर्नरांच्या निवासस्थानी वर्षातून काही रात्री मोठा समारंभ होई. दरबारासाठी असलेले तेथील दालन नृत्यासाठीही वापरात येई. रात्री बंगल्याकडे परतताना पुढे कंदीलवाला चाले, कारण वाटेवर बिबट्याचे भय खरेखुरे होते. त्या काळच्या बहुतेक क्लबांत हिंदी माणसास सभासद म्हणून प्रवेश नसे. तो तेथे असे खानसामा म्हणून, पंखेवाला म्हणून किंवा सईस म्हणून. बँडचे सूर बाजारापर्यंत ऐकू येत. आत काय चालते ते बाहेरच्यांनी सुरांवरून ओळखावे.

याच चैत्र-वैशाखात कोरकूंचा थापटी नाच असतो. ढोलाच्या ठेक्यावर व बासरीच्या सुरावर स्त्री-पुरुष रात्री फेर धरतात. एकाच पठारावर, एकाच ऋतूत, दोन तऱ्हांचे नाच चालत. साहेबाने कोरकूंचा नाच पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले. कोरकूने साहेबाच्या नाचाबद्दल काय म्हटले, ते कोणी टिपून ठेवले नाही.

दप्तर डोंगरावर चढते

क्लबाच्या खिडकीतला उजेड हा त्या गावाचा एक भाग. दुसरा भाग कचेरीचा. सरकार डोंगरावर जाई म्हणजे गव्हर्नर व सेक्रेटरी तेवढे जात नसत; त्यांच्यामागे दप्तराच्या पेट्या, शिक्के, टंकयंत्रे, चपराशी आणि कारकून असत. हा कारकूनवर्ग बव्हंशी नागपूरचा असल्याने त्यात मराठी मंडळींचा भरणा मोठा होता. आपल्या आजच्या पिढीस हा प्रवास किती लांबणीचा होता याची कल्पना येणार नाही. मुंबईहून जबलपुराकडे जाणारा लोहमार्ग १८७० साली पुरा झाला आणि त्यावरील पिपरिया हे पचमढीचे स्थानक ठरले. परंतु नागपूर-इटारसी हा थेट मार्ग १९२० च्या दशकापर्यंत पूर्ण झालेला नव्हता. तोवर नागपूरच्या माणसास आगगाडीने आधी पश्चिमेस भुसावळ गाठावे लागे, तेथून खंडवा-इटारसीवरून पिपरिया, आणि मग टांग्याने किंवा बैलगाडीने सुमारे ३२ मैलांचा घाट. वाटेत मटकुलीजवळ देनवा नदी ओलांडली की चढण लागे.

या मंडळींचे पचमढी साहेबांच्या पचमढीहून वेगळे होते. त्यांच्या वाट्याला बाजारालगतची बिऱ्हाडे, पाट्यावर वाटलेले मसाले, थंडीने लवकर न मुरणारी लोणची आणि नागपुरास ठेवून आलेल्या घरच्यांची पत्रे. दुर्ग जिल्हा १९०६ साली स्थापन झाला. तेव्हापासून या जिल्ह्यास उन्हाळ्यात येणाऱ्या वरिष्ठ हुकुमांवर ‘पचमढी’ असा मुक्काम लिहिलेला असे, आणि ते हुकूम ज्याने सुवाच्य अक्षरात उतरवून काढले तो बहुधा महालचा किंवा धंतोलीचा कोणी कारकून असे. १९८५ च्या ‘मॅसी साहेब’ या हिंदी चित्रपटात १९२९ सालच्या मध्यप्रांतातील अशाच एका कनिष्ठ कारकुनाची शोकांतिका आहे आणि त्याचे चित्रण पचमढीच्या परिसरातच झाले. साहेबाच्या जगाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाची अवस्था ज्यांस समजून घ्यावयाची असेल त्यांनी तो अवश्य पाहावा.

१९३८ चा उन्हाळा

या थंड हवेत मराठी माणसाच्या राजकारणातील एक तप्त प्रकरण शिजले, त्याचा उल्लेख केल्याविना हा इतिहास पुरा होणार नाही. वऱ्हाड १९०३ पासून कारभारासाठी मध्यप्रांतास जोडलेला होता. या संयुक्त प्रांतात १४ जिल्हे हिंदी भाषेचे व ८ मराठीचे. १९३७ च्या निवडणुकीनंतर नागपूरचे डॉक्टर नारायण भास्कर खरे प्रांताचे पंतप्रधान झाले; मुख्यमंत्र्यास तेव्हा हेच नाव होते. मंत्रिमंडळात रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता हे महाकोशलचे, तर रामराव देशमुख व पुरुषोत्तम गोळे हे वऱ्हाडचे. थोड्याच दिवसांत दोन बाजू पडल्या.

१९३८ च्या मे महिन्यात सरकार नेहमीप्रमाणे पचमढीस होते. वाद मिटविण्यासाठी सरदार वल्लभभाई पटेल आदी काँग्रेसश्रेष्ठी तेथे आले आणि मंत्र्यांत समेट घडवून आणण्यात आला. हाच पचमढीचा करार. तो दोन महिनेही टिकला नाही. सरकार डोंगरावरून उतरून नागपुरास आले, आणि २० जुलै रोजी खरे यांनी राजीनामा दिला. महाकोशलच्या तिघा मंत्र्यांनी राजीनामा देण्याचे नाकारले, तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी रात्रीतून त्यांस बडतर्फ केले व २१ जुलैस खऱ्यांचे नवे मंत्रिमंडळ शपथबद्ध झाले. काँग्रेसश्रेष्ठींस हे मान्य होणे शक्य नव्हते. २३ जुलै रोजी खरे यांस पुन्हा राजीनामा द्यावा लागला, आणि महिना संपण्यापूर्वी शुक्ल पंतप्रधान झाले.

या प्रकरणात कोणाची बाजू किती न्याय्य होती यावर नागपुरात पुढे कित्येक वर्षे वाद चालले. मराठी बाजूस वाटे, की आपल्या माणसावर अन्याय झाला. दुसऱ्या बाजूस वाटे, की गव्हर्नरांच्या हातून सहकाऱ्यांस दूर करविणे हाच मोठा अपराध. आम्हांस येथे एवढेच नोंदवावयाचे आहे, की दोन भाषांच्या माणसांनी एका प्रांतात एकत्र नांदावयाचे तर वरून घडविलेला समेट पुरत नाही, ही गोष्ट पचमढीच्या त्या उन्हाळ्याने दाखवून दिली. छत्तीसगडात हिंदी व छत्तीसगढी शेजाऱ्यांबरोबर राहणाऱ्या आपणांस ती अधिक चांगली समजावी. भिलाईच्या वसाहतींत जे सौहार्द आहे ते कोणत्याही करारातून आलेले नाही. एकाच भट्टीवर केलेल्या पाळ्यांतून आणि एकमेकांच्या गणपती-दुर्गापूजेत केलेल्या कामांतून ते आले आहे.

दुसरी रात्र

क्लबाच्या रात्रीची हकीकत आतापर्यंत झाली. पचमढीस आणखी एक रात्र आहे, आणि ती साहेबाच्या आगमनापूर्वीची आहे.

विदर्भात ‘मोठा महादेव’ म्हटले की पचमढीचा महादेव, हे वेगळे सांगावे लागत नाही. महाशिवरात्रीस नागपूर, वर्धा, अमरावती, भंडारा या जिल्ह्यांतून आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी भागातून हजारो लोक ही यात्रा करतात. छिंदवाड्याकडून येणाऱ्या भाविकांच्या वाटेवर जुन्नारदेव आहे. तेथील स्थानास ‘पहिली पायरी’ म्हणतात, कारण यात्रा तेथून सुरू झाली असे मानतात. शेवटचा टप्पा चौरागडाचा. तेराशेच्या आसपास पायऱ्या चढून माथ्यावर जावयाचे, आणि नवस फेडावयाचा तो त्रिशूळ वाहून. कोणाचा त्रिशूळ वीतभर, तर कोणाचा चार माणसांनी खांद्यावरून न्यावा इतका जड. माथ्यावर अशा त्रिशूळांचे रानच उभे आहे. रात्री कंदील, टेंभे व हल्ली विजेऱ्या घेऊन माणसांची रांग डोंगर चढत असते, डफाच्या साथीवर महादेवाची गाणी चाललेली असतात, आणि मध्येच ‘हर हर महादेव’ असा गजर उठतो.

श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची यात्रा असते, ती याहून खडतर. धो धो पाऊस, धुके, निसरडे कडे व दाट अरण्य यांतून वाट काढीत पद्मशेष गुहेपर्यंत जावयाचे. हा भाग आता व्याघ्रप्रकल्पात असल्यामुळे वर्षातून फक्त या दहा-बारा दिवसांपुरताच यात्रेकरूंस खुला होतो. नागपूर व विदर्भातील अनेक सेवामंडळे या काळात डोंगरात तंबू ठोकतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास भोजन, चहा व औषधपाणी देतात. त्या दिवसांत पचमढीच्या बाजारात कानावर पडणारी मुख्य भाषा मराठीच असते, असे म्हणावयास हरकत नाही.

यामागे एक गोड लोकश्रद्धा आहे. पार्वतीने एकदा मैना गोंडिणीचे रूप घेऊन मराठी मुलखात वास केला, म्हणून ती आपली बहीण आणि महादेव आपले भाऊजी, असे ही यात्रेकरू मंडळी मानतात. भाऊजींच्या घरी जावयाचे तर रिकाम्या हाताने कसे जावे, म्हणून त्रिशूळ. देवाशी असे सोयरिकीचे नाते जोडले की डोंगर परका राहत नाही, आणि त्या डोंगरावरचे गोंड-कोरकूही परके राहत नाहीत. देवीनेच गोंडिणीचे रूप घेतलेले असते.

सरकारने या यात्रेकडे प्रथम शंकेनेच पाहिले. गर्दीबरोबर पटकी येई, हे कारण खरे होते. त्यासाठी काही वर्षे जत्रेस बंदीही झाली. तरी यात्रा थांबली नाही. हंगामी साहेबाच्या क्लबापासून अवघ्या काही मैलांवर ही दुसरी रात्र दरवर्षी जागतच राहिली.

हंगाम ओसरल्यावर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, आणि नागपूरचे राजधानीपण संपले. आपल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार त्याआधीच, २ फेब्रुवारी १९५५ रोजी, सोव्हिएत युनियनशी झालेला होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉक्टर राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. जुन्या प्रांताची घडी मोडत असतानाच नोकरीसाठी पूर्वेकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांचा नवा ओघ सुरू झाला, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे. नव्या राज्याचे सरकारही काही वर्षे उन्हाळ्यात पचमढीस जात राहिले, पण १९६० च्या दशकात ती प्रथा मागे पडली. कचेऱ्यांना कुलपे लागली, आणि बंगल्यांतून पर्यटक उतरू लागले.

बँडचे सूर मात्र थांबले नाहीत. १९५० साली लष्कराच्या संगीत-शिक्षणाची शाखा पचमढीस सुरू झाली. दरवर्षी २९ जानेवारीस दिल्लीच्या विजय चौकात होणारा बीटिंग रिट्रीटचा सोहळा आपण दूरदर्शनवर पाहतो. त्यांत वाजविणाऱ्या अनेक वादकांनी पचमढीच्या लष्करी संगीतशाळेत धडे घेतलेले असतात. साहेबाच्या नृत्यासाठी जेथे बँड वाजे, तेथे आता आपल्या पलटणींतील मुले स्वरलिपी शिकतात.

१९९९ साली या परिसरास जीवावरण क्षेत्राचा दर्जा मिळाला, २००९ साली युनेस्कोनेही त्याची नोंद घेतली. आणि ज्याच्या डोंगरावर हे सारे घडले त्या भभूतसिंहाचेही स्मरण अखेर झाले. २०२५ च्या जूनमध्ये मध्यप्रदेश मंत्रिमंडळाची बैठक पचमढीस भरली आणि तेथील अभयारण्यास त्याचे नाव देण्याचे ठरले. फोरसिथ पॉइंटला प्रियदर्शिनी हे नाव यापूर्वीच मिळालेले होते.

साहेबांचे पचमढी सुमारे शंभर वर्षे टिकले. ते सत्तेच्या आधाराने उभे होते. सत्तेची जागा बदलताच नाचघर ओस पडले. विदर्भाच्या शेतकऱ्याचे पचमढी मात्र भोसल्यांचे राज्य गेले, इंग्रज आले, इंग्रज गेले, प्रांत मोडला, राज्यांच्या सीमा दोनदा बदलल्या, तरी जसेच्या तसे आहे. १९५६ साली तो डोंगर त्याच्या राज्याबाहेर गेला, पण त्याने यात्रा सोडली नाही. सीमा नकाशावर सरकली म्हणून बहिणीचे घर काही दूर होत नाही. आपले गाव सोडून दुसऱ्या प्रांतात राहणाऱ्या आपल्या मंडळासही हाच विचार जवळचा वाटावा. पन्नास वर्षे आपण येथे गणेशोत्सव केला, नाटके बसविली, मुलांस मराठी वाचावयास शिकविले. ते कोणत्याही सरकारी आज्ञेने झाले नाही, आणि म्हणूनच ते पुढेही चालण्यासारखे आहे.

शेवटी तरुण मंडळींस एक विनंती. दुर्गहून नागपूर-इटारसीमार्गे पिपरिया आता एका दिवसाच्या आत गाठता येते. सुट्टीत पचमढीस जाल तेव्हा धूपगडाचा सूर्यास्त अवश्य पाहा, चर्चमधील रंगीत काचाही पाहा. पण एक पहाट चौरागडासाठी राखून ठेवा. वाटेत एखादा वर्ध्याचा किंवा काटोलचा म्हातारा खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढताना भेटेल. त्याच्याशी मराठीत बोला, चार पायऱ्या त्याचे ओझे घ्या, आणि त्याचे वडील व आजोबा किती वेळा येथे आले होते ते त्याला विचारा. पचमढीच्या इतिहासाचे जे प्रकरण अजून कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेले नाही, ते त्याच्याजवळ आहे.